सांडपाण्याला आडनाव नसतं

दिल्लीकडे मराठी बोलणारं नवं माणूस भेटलं की आपण पहिलं काय विचारतो? गाव नंतर, नोकरी नंतर. आधी आडनाव. मीही तेच विचारलं होतं.

आमच्या फरीदाबादच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, कचऱ्याचे मोठे डबे ठेवतात त्याच्या पुढे, एक बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून उघड्या मॅनहोलशी वाकली होती आणि दोरीला बांधलेली बाटली आत सोडत होती. सकाळचे साडेसहा झाले असतील. मी दूध आणायला निघाले होते. नाकाला पदर लावून पुढे सटकणार, एवढ्यात बाटली कशाला तरी अडकली आणि ती बाई बाटलीलाच म्हणाली, "ये गं बाई वर. सकाळी सकाळी नखरे नकोत."

माझे पाय जागीच थांबले. मी विचारलं, तुम्ही आपल्याकडच्या का? ती वळली. पिकलेले आखूड केस, दोरीला लटकणारा चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे.

"हो. नगरची. मी रूथ."

"रूथ काय?"

"साळवे."

"अच्छा," मी म्हटलं.

त्या एका अच्छामध्ये मी तिला कुठल्या कप्प्यात टाकलं ते मला माहीत आहे. आता वाटतं, तिलाही त्याच क्षणी कळलं होतं. पण ती हसली आणि म्हणाली, "मोजे घातलेत, नाहीतर हात मिळवला असता."

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी शेजाऱ्यांवर काहीतरी लिहा असं सांगितलं गेलं, तेव्हा मी आधी आमच्या जुन्या सरदारणी शेजारणीवर लिहायला बसले होते. चार छान आठवणी, थोडं हसू, झालं. आमच्या ह्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "रूथवर लिही. आणि सगळं लिही." मग दोन दिवस मी पेन हातात धरलं नाही. आता लिहिते आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, बोलते तसं लिहिते, सांभाळून घ्या.

रूथ तळमजल्यावर भाड्याने राहायला आली होती. पन्नाशीची, एकटी. इथल्याच एका संशोधन संस्थेत कामाला. काम काय, तर सांडपाणी तपासायचं. दर सोमवारी आणि गुरुवारी पहाटे उठून चार-पाच ठिकाणचं सांडपाणी बाटल्यांत भरायचं आणि बर्फाच्या पेटीत घालून न्यायचं. आमच्या सोसायटीचं मॅनहोल त्यातलं एक. परवानगी घेतलेली होती, रीतसर पत्र होतं. तिच्या भाषेत ते 'नमुने'. मी मंडळात जाऊन सांगितलं, आमच्याकडे एक नमुना राहायला आलाय, तो नमुने गोळा करतो. सगळ्या हसल्या. मला फार बरं वाटलं तेव्हा.

तिला वेळ पाळायचं वेड होतं. साडेसहा म्हणजे साडेसहा. लोक उठतात, आंघोळी-बिंघोळी उरकतात, ते सगळं पाणी एकदम खाली येतं. "सकाळचं पाणी खरं बोलतं, काकू. दुपारी त्यात धुण्या-भांड्याची भेसळ होते."

आणि चिठ्ठ्या चिकटवायचं वेड. बाटलीवर चिठ्ठी, त्यावर जागा, तारीख, वेळ, पाणी किती गरम. ते ठीक आहे, कामच ते. पण तिच्या स्वयंपाकघरातल्या बरणीवरही चिठ्ठी: 'तिखट, आईकडचं, मार्च.' छत्रीवर चिठ्ठी. एकदा केळ्यांच्या फण्यावर पाहिली. मी हसले तर म्हणाली, ज्याच्यावर चिठ्ठी नाही ते हरवलंच असं समजायचं.

हात धुताना ती वीसपर्यंत मोठ्याने मोजायची, पहिलीतल्या मुलीसारखी. मग एकवीसही म्हणायची. विसावर का नाही थांबत, विचारलं, तर म्हणे, "एकविसावा माझ्या मनाच्या समाधानाला."

हिंदी मात्र तिची भयंकर. समजायचं सगळं, बोलायला गेली की नगर बाहेर यायचं. मॅनहोलचं झाकण सोसायटीचा प्लंबर पहारीने उघडायचा. झाकण सरकलं की ती त्याला दहा पावलं मागे न्यायची आणि दहा मिनिटं तिथेच उभं करायची, आतला वायू जाऊ दे म्हणून. तो गडी वर्षानुवर्षं झाकण उघडून थेट आत डोकं घालत आलेला. त्याला ती ओरडायची, "भैया, वाकने का नहीं! अभी वाकने का नहीं!" महिन्याभरात तो प्लंबर शिकला. घड्याळ बघून अदबीने विचारायचा, "मैडम, अब वाकें?" मोज्यांची एक जोडी तिने त्याला स्वतःच्या पैशाने आणून दिली होती आणि थर्मासमधला चहा दोघं त्या थर्मासच्या झाकणातूनच आळीपाळीने प्यायचे. हे मी गॅलरीतून बघायचे. बघून तोंड वाकडं करायचे.

अवघड काही बोलायचं असलं की ती मला हाक मारायची. सोसायटीचे सेक्रेटरी भाटियाजी, गेटवरचे लोक, सगळ्यांशी माझ्यामार्फत. "काकू, तुम्ही माझ्या दुभाषी." मला त्याचा अभिमान होता. चाळीस वर्षं इथे काढलीत, हिंदी माझी इथल्या बायकांना लाजवील अशी. तिचं साधं मराठी वाक्य मी असं नटवून सांगायचे की भाटियाजी खुर्चीतून उठून उभे राहायचे.

आमच्या ह्यांचं आणि तिचं तर लगेच जमलं. हे कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सकाळी काय करावं या विवंचनेत होते. ते सोमवारी-गुरुवारी खाली जाऊन तिची बर्फाची पेटी धरून उभे राहायला लागले. वर येताना जिन्यातूनच सांगायचे, आज पाणी इतकं गरम होतं. जसं काही मला त्याचं भरीत करायचं होतं.

कधीकधी ती वर चहाला यायची. आता इथे मला ते सांगायचं आहे जे मी मंडळात सांगितलं नाही. तिच्यासाठी मी एक वेगळा स्टीलचा पेला ठेवला होता. गॅलरीच्या कट्ट्यावर, उपडा. चहा त्यातच द्यायचे, मग तो तिथेच विसळून पुन्हा उपडा ठेवायचे. मनाला सांगायचे, बाई गटारात हात घालते, आपण वयस्कर माणसं, काळजी घ्यायला नको का? पण ह्यांनीही तीच पेटी धरलेली असायची आणि ह्यांचा कप मी घरातल्या कपांतच ठेवत होते. ती बँकेत कारकून असती तरी तो पेला कट्ट्यावरच राहिला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी एकदा तिला विचारलं, त्या घाण पाण्यात तुला दिसतं तरी काय? तिने आम्हा दोघांना संस्थेत नेलं. मला वाटलं होतं, खोलीभर मोठं यंत्र असेल. तिने टेबलावरचं एक दाखवलं, स्टेपलरएवढं. ते लॅपटॉपला जोडलेलं.

"एवढंसंच?"

"एवढंसंच. हे वाचतं."

मग तिने मला समजावलं, आणि असं समजावलं की आजही मी कुणालाही सांगू शकते. मी तिला कधीतरी बोलले होते की शाळा सुटल्यावर मी वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांवर. साखर, रवा, डाळ ज्या रद्दीत बांधून यायची ते कागद सरळ करून वाचायचे. अर्धी बातमी, कादंबरीचं फाटकं पान, जे येईल ते. पुढेपुढे दोन ओळींवरून ओळखायचे की हे कुठल्या वर्तमानपत्राचं.

"तसंच हे, काकू," रूथ म्हणाली. "त्या पाण्यात कोट्यवधी जंतूंच्या पोथ्यांची फाटकी पानं वाहत येतात. हे यंत्र एकेक तुकडा वाचतं. आम्ही बघतो, हे पान टायफॉइडच्या जंतूचं, हे कॉलऱ्याच्या, हे साध्या पोटातल्या जंतूचं. माणूस दवाखान्यात जातो आजारी पडल्यावर. पाणी त्याच्या आधी येतं."

आणि काही पानांवर, म्हणाली, एक जास्तीचा मजकूर असतो. अमुक औषध आलं तर त्याला कसं पचवायचं, तमुक आलं तर दाराबाहेर कसं काढायचं. तो मजकूर जंतू एकमेकांना देतात. जातीचा असो नसो, देतात. "तुम्ही भिशीत लोणच्याची कृती चिठ्ठीवर लिहून देता ना, तशी. आणि अर्धवट औषध मिळालं की या चिठ्ठ्या जास्त फिरतात. जे मरायला हवे होते ते वाचतात, शहाणे होऊन."

मला सगळं कळलं. घरी येऊन मी दोन दिवस सगळ्यांना सांगत होते. आणि तरीही माझा डबा मी उघडाच ठेवला.

डब्याचं सांगायला हवं. बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. त्यात औषधं. कुणाला ताप आला, घसा धरला, जुलाब लागले की अख्खी बिल्डिंग माझ्याकडे यायची. 'डॉक्टर आंटी' म्हणायचे मला. सातवी शिकलेल्या बाईला ते दोन शब्द किती गोड लागतात, काय सांगू? गोळ्यांबरोबरच्या कागदावरचं बारीक वाचून वाचून मी नावं पाठ केलेली. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकने तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की मी थांबायचे, उरलेली पट्टी डब्यात. ती पुढच्याला. त्याची उरली की त्याच्या पुढच्याला.

संस्थेतून आल्यावर मीच तो डबा मोठ्या तोऱ्यात रूथला दाखवला. तिने एकेक पट्टी उचलून पाहिली. सगळ्या अर्ध्या.

"काकू, यावर एकही चिठ्ठी नाही," म्हणाली.

मग हळूच सांगितलं, हे कुणाला देऊ नका, आणि संडासात तर मुळीच टाकू नका, मला द्या, मी संस्थेत नीट जाळायला देते. मी बरं म्हटलं. मनात म्हटलं, तू काय डॉक्टर आहेस का?

होळीनंतर तिने सोसायटीच्या फळ्यावर एक सूचना लावली. लावायलाच हवी होती असं नाही, पण तिला वाटलं ज्यांचं पाणी त्यांना कळायला हवं. आपल्या पाण्यात नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या खुणा वाढताहेत, औषधं अर्धवट सोडू नका, उरलेली संडासात टाकू नका, डॉक्टरांशिवाय घेऊ नका. तिचं इंग्रजी, आणि हिंदी माझ्या हस्ताक्षरात. मी ते सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं. घरी आले, दार लावलं आणि डब्यातल्या मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकून पाणी सोडलं. का? मला वाटलं, आता हे यंत्र माझा डबा वाचणार. एक केशरी कॅप्सूल तेवढी जाईना. तीनदा पाणी सोडलं, तरी वर येऊन तरंगत राहिली.

सूचनेने सोसायटीत भडका उडाला. रोगाचं कुणाला फारसं पडलं नव्हतं. ही सोसायटी जंतूंची आहे असं बाहेर गेलं तर घरं विकली जातील का, हा प्रश्न. रविवारी खालच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. हे त्या दिवशी पानिपतला एका मित्राच्या घरी लग्नाला गेले होते. मी पहिल्या रांगेत, नेहमीसारखी. रूथ समोर उभी, हातात फाइल.

भाटियाजींनी विचारलं, "मैडम, यह आ किसके घर से रहा है? मशीन तो सब पढ़ लेती है. नाम बताइए."

तिने हिंदीत सुरुवात केली, "नाम नहीं रहता, उसमें सबका..." आणि अडली. मागून कुणीतरी हसलं. तिने माझ्याकडे पाहिलं, जसं ती नेहमी पाहायची, आणि मराठीत म्हणाली, "काकू, यांना जरा सांगा. यात कुणाचं नाव निघतच नाही. सांडपाण्याला आडनाव नसतं. सगळ्यांचं मिळून एकच पाणी असतं."

हॉलमध्ये मराठी कळणारी मी एकटी. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "क्या कहा, आंटीजी?"

माझ्या डोळ्यांसमोर ती केशरी कॅप्सूल. मला वाटलं, नाव निघत नाही हे यांना पटणार नाही, हे घराघरांत शोधत फिरतील, आणि बिल्डिंगभर गोळ्या कुणाच्या डब्यातून गेल्यात हे तर सगळ्यांनाच माहीत. दोन भाषा माझ्या तोंडात होत्या, कुणी तपासणारं नव्हतं.

"कह रही हैं," मी म्हटलं, "नाम नहीं बताएँगी."

बस, एवढंच. 'निघत नाही' याचं मी 'सांगणार नाही' केलं. हॉल पेटला. लपवते आहे, कुणाला तरी पाठीशी घालते आहे. आणि मग भाटियाजीच म्हणाले की छुपाती क्यों हैं, रोज गटारातून उठून सरळ लिफ्टमध्ये, जिन्यात, नळाशी, सगळं हीच तर घरात आणत असेल. "क्यों आंटीजी?"

मी मान हलवली. होकारार्थी.

रूथला हिंदी समजत होती, मी वर लिहिलंच आहे. तिला दोन्ही कळलं, माझं भाषांतर आणि माझी मान. तिने तिच्या मोडक्या हिंदीत एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, आंटी का डिब्बा देखो. ती म्हणाली नाही. तिने फाइल मिटली, भाटियाजींना नमस्कार केला आणि खुर्ची जागेवर लावून गेली.

सोसायटीने मॅनहोलची परवानगी काढून घेतली. घरमालकाने महिनाअखेरीला जागा सोडायला सांगितली. मला नंतर प्लंबरकडून कळलं की तिला आमच्या पाण्याचं पूर्ण एक वर्ष हवं होतं, मध्ये खंड न पडता, तरच त्या वाचनाला अर्थ. पावसाळ्याचे महिने तेवढे राहिले होते. आठवड्यातून दोनदा, थंडीतल्या धुक्यातसुद्धा, भरलेल्या त्या सगळ्या बाटल्या माझ्या एका शब्दाने अर्ध्या पट्टीसारख्या झाल्या.

ह्यांना मी सांगितलं, लोक ऐकेनात, मी काय करणार? ह्यांनी विचारलं, ती नेमकं काय म्हणाली होती? मी म्हटलं, आठवत नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ह्यांना ताप भरला. थंडी वाजून, दात वाजतील असा. लघवीला जळजळ. मी डबा काढला. दोन दिवस एक गोळी दिली, उतरेना, तिसऱ्या दिवशी दुसरी, चौथ्या दिवशी आणखी दणकट होती ती. पाचव्या दिवशी हे मला ओळखेनात. मला 'आई' म्हणाले.

तो गुरुवार होता. रूथला आता आमचं झाकण बंद होतं, पण बाकीच्या ठिकाणी ती जातच होती, आणि पेटी धरायला नाही तरी गेटपर्यंत सोडायला हे सोमवारी-गुरुवारी उतरायचे. सोमवारी उतरले नाहीत, आजही नाहीत, म्हणून ती वर आली. त्या बैठकीनंतर पहिल्यांदा. मी दार उघडलं तर सरळ आत गेली, ह्यांच्या कपाळाला हात लावला.

"काय दिलंत, काकू?"

"काही नाही," मी म्हटलं. डबा पलंगाजवळच्या स्टुलावर होता. उघडा.

तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही.

"मला नका सांगू. डॉक्टरांना मात्र खरं सांगा. आणि औषध सुरू करायच्या आधी लघवी तपासायला घ्यायला लावा, कल्चर म्हणा. विसरू नका, कल्चर."

तिनेच रिक्षा आणली, तिनेच ह्यांना एका बाजूने धरलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, घर पे क्या-क्या दिया? मी एकदा रूथकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, मुद्दाम. मी पिशवीतून तो निळा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. डॉक्टरने झाकण उघडलं. त्याचं वय माझ्या नातवाएवढं. तो एकेक पट्टी काढून तिचं नाव कागदावर लिहून घेत गेला.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. औषधांच्या नावांची उभी रांग आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर. रूथने बोट ठेवून मला वाचून दाखवलं. आर म्हणजे जंतू जुमानत नाही. आर, आर, आर. माझ्या डब्यातली एकूण एक नावं त्या रांगेत होती, मला सगळी पाठ. अगदी खाली दोन औषधं उरली, सुईतून द्यायची. त्यावर हे वाचले. चौदा दिवस लागले.

त्या व्हरांड्यात मी तिला विचारलं, "रूथ, हे माझ्याच गोळ्यांनी झालं का गं?"

तिने रिपोर्टची घडी घालून माझ्या हातात दिली.

"कुणाच्या ते निघत नाही, काकू," म्हणाली. "सांगितलं होतं मी."

एवढंच. आणि उठून हात धुवायला गेली. मला बाहेर ऐकू येत होतं, अठरा, एकोणीस, वीस. एकवीस म्हणाली नाही.

ह्यांना घरी आणलं त्याच आठवड्यात तिचा टेंपो आला. सामान फार नव्हतं, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. निघताना वर निरोप घ्यायला आली. मी आधीच ठरवून कपाटातला चांगला सेट काढला होता, लेकीने दिलेला, निळ्या फुलांचा. कपात चहा ओतला, बशी पुढे केली.

रूथ उठली, गॅलरीत गेली, कट्ट्यावरचा तो पेला उचलला. आत आली आणि कपातला चहा त्यात ओतून घेतला.

"मला याची सवय झालीये," म्हणाली. आणि शांतपणे सगळा प्यायली. मग सिंकपाशी जाऊन पेला विसळला, पुसला. उलटा धरला तेव्हा मला त्याच्या बुडाला चिकटवलेली चिठ्ठी दिसली. पाण्याने अक्षरं पुसट झालेली, पण वाचता येत होती. 'रूथ साळवे', आणि खाली तारीख. ती आमच्याकडे दुसऱ्यांदा चहाला आली त्या दिवसाची. म्हणजे इतके महिने, बूड वर करून ठेवतानाही ज्या पेल्याकडे मी कधी नीट पाहिलंसुद्धा नाही, त्यावर ती स्वतःचं नाव घालून बसली होती आणि गोड बोलत चहा पीत होती.

"हा मी घेऊन जाते, काकू. इथे राहिला तर पुढच्या कुणाला तरी द्याल."

ती हे रागाने म्हणाली नाही. अर्धवट गोळ्या संस्थेत जाळायला मागितल्या होत्या ना, त्याच आवाजात म्हणाली. मग ह्यांच्या पाया पडली. माझ्याही पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, ठेवायचं धाडस झालं नाही.

मी पुढच्या बैठकीत उभी राहून सगळं खरं सांगितलं, असं लिहायला मला किती आवडलं असतं. भाटियाजी अजूनही मला आंटीजी म्हणून पहिली खुर्ची देतात. डबा आता नाही, पण तो का नाही हे कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही. त्या हॉलमध्ये मराठी वाचणारं कुणी नाही, म्हणून तर इथे लिहायचं धैर्य झालं.

गेल्या महिन्यात ह्यांना तपासणीला घेऊन निघाले होते, सकाळी लवकर. दुसऱ्या सेक्टरच्या वळणावर रिक्षा हळू झाली. रस्त्याच्या कडेला मॅनहोल उघडं होतं आणि त्यापासून दहा पावलांवर रूथ उभी. तेच बूट, दोरीचा चष्मा. शेजारी कुणी अनोळखी म्हातारे गृहस्थ तिची पेटी धरून. ती घड्याळ बघत होती. पेटीच्या झाकणावर एक स्टीलचा पेला होता, उभा, त्यातून वाफ निघत होती. तिने तो उचलून त्या म्हाताऱ्यांच्या हातात दिला.

रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "रोकूँ, माताजी?" मी रूथकडे मान वाकवून पाहत होते म्हणून विचारलं असावं त्याने.

"नहीं भैया, चलो."

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "रूथच होती ना गं?"

"नसेल," मी म्हटलं.